वस्तीचें मोजमाप

बिऱ्हाड पाहावयास निघालेला मनुष्य घरमालकाला जे प्रश्न विचारतो, त्यांत एक अख्खें शास्त्र दडलेलें असतें. नळ किती वाजतां येतो, खोलींत दिवसां दिवा लावावा लागतो काय, मोरी कोठें आहे, वरच्या मजल्यावर कोण राहतें, आणि सर्वांत शेवटीं, जरा आवाज उतरवून, शेजार कसा आहे? उत्तरें मिळालीं म्हणजे तो मनांतल्या मनांत एक बेरीज करतो आणि अनामत रक्कम तरी देतो, नाहींतर पुढच्या गल्लीकडे वळतो. ही बेरीज कागदावर कशी मांडावी, अमुक वस्ती राहण्याजोगी आणि तमुक नाहीं हें मापानें कसें ठरवावें, याचा विचार आपल्या प्रांतांत गेलीं सव्वाशें वर्षें चालू आहे. त्या विचाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आणि तो सांगतांना मी मुंबई, इंदूर व पुणें ह्या वाटेनें भिवंडीस जाणार आहें. भिवंडीच कां, असें कोणी विचारील. तर आजवर काढलेलीं बहुतेक मापें जेथें अपुरीं पडतात, असें याहून बोलकें गांव मुंबईच्या इतक्या जवळ दुसरें नाहीं.

ह्या मोजमापाचा आरंभ भीतींतून झाला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला आणि कांहीं महिन्यांतच लाखों लोक शहर सोडून गांवोगांव पळाले. कोंदट हवा व अंधार हेंच रोगाचें माहेरघर, असा त्या वेळच्या वैद्यकाचा समज होता. उंदीर आणि पिसू यांचा कारभार सर्वमान्य व्हावयास अजून अवकाश होता. म्हणून १८९८ सालीं कायद्यानें स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें हवा आणि उजेड हींच आपलीं दैवतें मानलीं. पहिला हात नागपाड्यास घातला गेला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ह्या रुंद सडका दाट वस्तींतून काढण्यांत आल्या. कारण चुकीचें होतें, पण उपाय सर्वस्वीं चुकीचा नव्हता. वैद्यकाच्या इतिहासांत असें पुष्कळदां घडतें.

परंतु उजेड मोजावयाचा कसा? ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर भूमितींत शोधलें. खोलीच्या खिडकीकडील भिंतीच्या पायथ्यापासून, जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी एक रेषा आकाशाकडे काढावी. समोरची इमारत तिच्या आड येत नसेल तर खोली राहण्यास योग्य. येत असेल तर अयोग्य. गणिताची आवड असलेल्या श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ह्या कोनाचा अर्थ उंचीच्या निम्मी मोकळी जागा असा होतो. गल्ली वीस फुटांची असेल तर समोरचें घर चाळीस फुटांहून उंच नको. एखाद्या शिपायालाही अर्ध्या तासांत शिकवतां येईल असें हें माप आहे. मला स्वतःला तें फार आवडतें, कारण तें शहराची सरासरी काढीत बसत नाहीं. एकेका खिडकीपाशीं जाऊन तिलाच प्रश्न विचारतें.

मोजून झाल्यावर पुढें काय, ह्या ठिकाणीं मात्र ट्रस्ट अडखळली. नापास ठरलेलीं घरें पाडण्यांत आलीं. नवीं घरें तितक्या वेगानें उभीं राहिलीं नाहींत. आणि जीं उभीं राहिलीं त्यांचें भाडें जुन्या भाडेकरूंना नेहमींच झेपणारें नव्हतें. हुसकलेलीं बिऱ्हाडें शेजारच्या, आधींच भरलेल्या चाळींत शिरलीं. म्हणजे एका गल्लींतील अंधार हटला आणि तिच्या पाठीमागच्या गल्लींत दाटी वाढली. १९११ च्या खानेसुमारींत मुंबईचे दोनतृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचें आढळून आलें. प्लेगच्या दिवसांपासून लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. अंमलदार दारांत आला म्हणजे आपलें कांहींतरी जाणार: घरचा रोगी रुग्णालयांत जाईल, नाहींतर सामान आगींत, नाहींतर घरच जमीनदोस्त होईल. अशा मनुष्याजवळ तुम्हीं टेप नेली तर तो तुम्हांला भिंतीचा ओलावा दाखवील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

ह्याच काळांतील दुसरी एक गोष्ट जातां जातां सांगण्याजोगी आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानींत, १९२० सालीं, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें आणि वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें त्या खात्यानें दोनशेंवर चाळी बांधल्या. खोली एकशें साठ चौरस फुटांची, भिंती सिमेंट-काँक्रीटच्या, रस्ते आखीव. कागदावर पाहतां गिरणगांवच्या कोणत्याही जुन्या चाळीपेक्षां त्या सरस होत्या. तरीही आरंभीं कित्येक वर्षें त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या! भाडें परवडेना, गिरणी लांब पडे, आणि ज्या वाण्याकडे उधारी चाले तो वाणी तेथें नव्हता. पुढें ह्याच चाळी माणसांनीं भरल्या, त्यांत गणेशोत्सव, वाचनालयें, व्यायामशाळा सुरू झाल्या आणि चाळकऱ्यांना त्या सोडवेनाशा झाल्या. भिंती त्याच होत्या, खोलीचें क्षेत्रफळही तेंच. बदललें तें दुसरेंच कांहीं, आणि त्याला त्या खात्याच्या तक्त्यांत रकाना नव्हता.

तो रकाना कोठें तरी असला पाहिजे असें ज्यांना प्रथम वाटलें, त्यांत पॅट्रिक गेडिस यांचें नांव घ्यावें लागेल. हे मूळचे स्कॉच जीवशास्त्रज्ञ. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले तेव्हां त्यांचें नगररचनेचें प्रदर्शन ज्या जहाजांतून येत होतें तें जहाज एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेनें बुडवलें. गेडिस खचले नाहींत. नवें साहित्य जमवून त्यांनीं प्रदर्शन मांडलेंच. १९१९ पासून पांच वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते, आणि पुढें ज्यांनीं तें खातें नांवारूपास आणलें ते गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच हाताखालून गेले होते.

गेडिस यांची रीत ट्रस्टच्या अगदीं उलट. नकाशावर पट्टी ठेवून सडक आखण्यापूर्वीं ते त्या वस्तींतून दिवसचे दिवस पायीं हिंडत. कोणत्या ओट्यावर बायका बसतात, कोणत्या पिंपळाच्या पाराखालीं मुलें खेळतात, कोणतें घर पडीक झालें आहे, कोणती विहीर अजून गोडी आहे, हें सारें नकाशांत टिपून घेत. मग सुचवीत, तें असें: हें पडकें घर तेवढें काढा, येथें छोटें मैदान होऊं द्या, त्या गल्लीचा कोपरा जरा मोकळा करा, बाकीचीं घरें दुरुस्त करा. वैद्यानें रोग्याचा अवयव राखून शस्त्रक्रिया करावी तसा हा प्रकार. त्यानें कमी घरें पडत आणि खर्चही रुंद सडक काढण्याच्या मानानें पुष्कळ कमी येई.

इंदूरची हकीकत तर एखाद्या आख्यानासारखी आहे. तुकोजीराव होळकरांच्या राज्यांत गेडिस यांना शहराचा अहवाल करावयास बोलावलें होतें. तो १९१८ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शहरांत प्लेगचें भय होतें आणि लोक पाहुण्या साहेबाकडे संशयानें पाहत होते. हा घरें पाडावयास आला आहे, अशी सर्वत्र कुजबुज. तेव्हां गेडिस यांनीं महाराजांकडून एका दिवसापुरती शहराची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केलें कीं, यंदाच्या दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. ती हिंदूंच्या नेहमींच्या मार्गानेंही जाणार नाहीं आणि मुसलमानांच्या नेहमींच्या मार्गानेंही जाणार नाहीं. ज्या गल्ल्यांतील सर्वांत अधिक घरें झाडूनपुसून दुरुस्त केलेलीं असतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल. झालें! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. लोकांनीं कचरा आपण होऊन बाहेर काढला, भिंतींना रंग दिला, पायऱ्या नीट केल्या. मिरवणुकींत हत्तीघोड्यांच्या बरोबरीनें गळ्यांत हार घातलेले भंगीही सन्मानानें चालले, आणि अखेरीस प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा जाळण्यांत आली. मोजमाप येथेंही होतेंच. पण त्याच्या शेवटीं दारांत मिरवणूक येणार होती, कुदळ येणार नव्हती. म्हणून लोकांनीं दारें उघडलीं. ही मिरवणूक श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. भिवंडीस गेल्यावर आपल्याला दुसऱ्या एका मिरवणुकीशीं गांठ घालावयाची आहे.

मध्यें पुण्यास क्षणभर थांबूं. १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी हातीं घेतली; तिचा पहिला भाग १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. नमुन्यादाखल निवडलेल्या कुटुंबांत जाऊन खोल्या किती, भाडें किती, मिळवतीं माणसें किती, कर्ज किती, असे प्रश्न विचारण्यांत आले. एखाद्या हिंदी शहराचें इतकें शिस्तशीर परीक्षण त्यापूर्वीं क्वचितच झालें असेल. कोल्हापूर आणि सोलापूर या शहरांच्या पाहण्याही त्याच परंपरेंतल्या. ह्या ग्रंथांची भाषा रुक्ष आहे, पण एक फार मोठी गोष्ट त्यांनीं शिकविली: घर कसें आहे हें घराकडे पाहून कळत नाहीं, तें चुलीशीं बसून विचारावें लागतें.

त्यानंतर सत्तरएक वर्षांनीं, २०१८ च्या ऑगस्टांत, केंद्र सरकारनें एकशें अकरा शहरांचा राहणीमानाचा निर्देशांक जाहीर केला. चार आधारस्तंभ, पंधरा विभाग आणि अठ्ठ्याहत्तर निकष. पुणें पहिलें आलें, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि ठाणें सहावें. वर्तमानपत्रांनीं पुणेकरांचें अभिनंदन केलें; पुणेकरांना त्यांत नवल वाटलें नसावें. पुढचा निर्देशांक २०२१ च्या मार्चांत निघाला. त्यांत शंभर गुणांपैकीं तीस गुण नागरिकांच्या स्वतःच्या मताला ठेवले होते, आणि ही सुधारणा मला महत्त्वाची वाटते. त्या वेळीं मोठ्या शहरांत बंगळूर पहिलें व पुणें दुसरें ठरलें. परंतु दोन्ही वेळां मोजलें गेलें तें अख्खें शहर. कोथरूडची झाडी आणि ताडीवाला रोडची दाटी एकाच आंकड्यांत कालवली गेली. ठाण्यापासून घटकाभराच्या अंतरावर असलेली, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सात लाखांवर वस्तीची भिवंडी तर त्या एकशें अकरांच्या यादींतच नव्हती.

भिवंडी, जुन्या कागदपत्रांतली भिमडी, हें कामवारी नदीच्या कांठचें प्राचीन गांव. खाडीच्या वाटेनें गलबतें येत, कल्याणशीं व्यापार चाले, कोंकणी मुसलमान व्यापाऱ्यांचे वाडे आणि हिंदूंच्या आळ्या शेजारीं शेजारीं नांदत. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर येऊन स्थायिक झाले आणि गांवांत हातमागांचा खटखटाट सुरू झाला. एकोणीसशेंतीसच्या सुमारास वीज आली, हातमागांच्या जागीं यंत्रमाग बसूं लागले. पुढें तेलंगणांतून पद्मशाली आले, त्यांचें पद्मानगर वसलें. १९८२ च्या जानेवारींत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांचा तो न संपणारा संप सुरू झाला, तेव्हां गिरणींतलें कापड विणण्याचें काम भिवंडीकडे सरकलें. मोडींत निघालेले मागही मागोमाग आले. १९९१ सालीं पावणेचार लाखांच्या आसपास असलेली वस्ती वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा येथून माणसें येतच राहिलीं.

आतां आपलीं मापें घेऊन ह्या गांवांत शिरूं. शांतीनगर किंवा गैबीनगर ह्यांसारख्या वस्तींत ऑरसाहेबांची साडेत्रेसष्ट अंशांची रेषा काढूं गेलें तर ती पुष्कळ ठिकाणीं समोरच्या पत्र्यालाच अडेल. तें ठीक, तो नियम तुटला एवढें तरी कळेल. पण खोलींत माणसें किती, ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर काय द्यावयाचें? यंत्रमाग बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. दिवसपाळीचा कामगार कामास गेला कीं रात्रपाळीचा येऊन त्याच अंथरुणावर निजतो. दहा कामगारांची खोली असेल तर माणसें दहा, पण एका वेळीं निजणारीं पांच. गर्दी दहांची धरावी कीं पांचांची? कित्येकजण तर मागांच्या गाळ्यांतच पथारी टाकतात. त्यांचें घर आणि कारखाना यांत भिंतही नाहीं. मग त्यांना बेघर म्हणावें काय? जेवण बिशींत. बिशी म्हणजे कामगारांची खाणावळ, बहुधा एखाद्या बाईनें आपल्या घरींच चालविलेली. आठवड्याचे किंवा महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचें ताट, आणि हात आंखडला असेल तर कांहीं दिवसांची उधारी. स्वयंपाकघराचें क्षेत्रफळ विचारणाऱ्या पाहणींत ह्या बाईचें घर गर्दीचें म्हणून कमी गुणांचें ठरेल. परंतु आजूबाजूच्या पन्नास माणसांना ती वस्ती राहण्याजोगी झाली आहे ती तिच्यामुळें.

आवाजाचीही तीच तऱ्हा. २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसां पंचावन्न आणि रात्रीं पंचेचाळीस डेसिबलपर्यंत आवाज चालतो. साध्या यंत्रमागांच्या गाळ्यांत तो नव्वदांच्या वर जातो, आणि गाळ्याची भिंत हीच पुष्कळदां घराचीही भिंत. कायद्याच्या दृष्टीनें असली घरें राहण्यास नालायकच. मात्र मंदी येऊन माग थांबले म्हणजे होणारी शांतता तेथील गृहिणीला अधिक भिववते, कारण तिला त्या शांततेचा अर्थ आठवड्याच्या पगारांत मोजतां येतो.

पाण्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. मुंबईला तानशाचें पाणी १८९२ सालीं मिळालें. तेव्हांपासून त्या नगरीचे प्रचंड नळ भिवंडी तालुक्यांतूनच जातात, आणि आज मुंबईचें पाणी शुद्ध करणारें पांजरापूरचें केंद्रही ह्याच तालुक्यांत आहे. भिवंडीच्या दाट वस्तींतून मात्र कमी दाबाच्या नळाशीं हंड्यांची रांग अजून दिसते.

पण ह्या सर्वांपेक्षां अवघड रकाना म्हणजे बिऱ्हाड पाहणाऱ्याचा तो शेवटचा प्रश्न: शेजार कसा आहे? आतां त्या दुसऱ्या मिरवणुकीकडे वळूं. ७ मे १९७० रोजीं भिवंडींत शिवजयंतीची मिरवणूक निघाली. तिचा मार्ग कोणता असावा, निजामपुऱ्यांतील मशिदीवरून ती कशी न्यावी, घोषणा कोणत्या द्याव्या, यावरून आधींचीं कांहीं वर्षें कुरबुरी चालूच होत्या. त्या दिवशीं दंगल उसळली. माणसें मारलीं गेलीं, माग आणि घरें जळलीं, आणि वणवा जळगांवापर्यंत गेला. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें भिवंडी, जळगांव आणि महाड येथील ह्या घटनांची जी चौकशी केली, ती कोणत्याही नगररचनाकारानें वाचावी अशी आहे. कोणती गल्ली कोठें वळते, कोणाचें घर कोणाच्या समोर आहे, कोणत्या नाक्यावर कोण उभे होते, हें सारें तींत तपशिलानें आलें आहे. इंदुरांत मिरवणुकीचा मार्ग हें गल्लीला मिळणारें बक्षीस होतें. भिवंडींत तोच मार्ग एकमेकांची ताकद अजमावण्याचा फूटपट्टा झाला. १९८४ च्या मेमध्यें पुन्हा तेंच घडलें, अधिक भीषण स्वरूपांत.

त्यानंतर, १९८८ च्या सुमारास, सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. आधींच्या दंगलींचा अभ्यास करतां त्यांना एक गोष्ट दिसून आली. अफवा पसरतात त्या अनोळखीपणाच्या जोरावर. पलीकडच्या आळींतला एकही मनुष्य ज्याला नांवानें ठाऊक नाहीं, त्याला त्या आळीविषयीं कांहींही सांगावें, तो विश्वास ठेवतो. आणि पोलीसही बहुधा दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनाच ओळखतात, गल्लींतल्या साध्या माणसाला नाहीं. म्हणून त्यांनीं मोहल्ला समित्या काढल्या, गांवभर सुमारें सत्तर. दोन्ही समाजांतील साधीं माणसें आणि त्या भागाचा हवालदार यांनीं ठराविक दिवशीं एकत्र बसावयाचें, आणि बोलावयाचें तें सलोख्यावर व्याख्यान म्हणून नव्हे. गटार तुंबलें आहे, नळावर भांडण झालें, अमक्याच्या पोराला तमक्यानें मारलें, असल्याच बाबी बहुधा निघत. गटाराची तक्रार घेऊन आलेला मनुष्य समोरच्याला नांवानें ओळखूं लागे.

डिसेंबर १९९२ मध्यें अयोध्येची बातमी आली. मुंबई पेटली, त्या डिसेंबरांत आणि पुढच्या जानेवारींत मिळून सुमारें नऊशें माणसें तेथें प्राणांस मुकलीं. वीस वर्षांत दोनदां जळलेली, तीच दाटी आणि तेच कोंदट गाळे असलेली भिवंडी मात्र त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. मुंबई जळाली तेव्हां भिवंडी कां जळाली नाहीं, हा प्रश्न खोपडे यांनीं पुढें ग्रंथरूपानें मांडला. त्यांचेंच उत्तर पूर्ण आहे असें मी म्हणत नाहीं. मागांचा धंदा दोन्ही समाजांच्या हातांवर उभा आहे, सुताचा व्यापारी एका समाजाचा आणि माग चालविणारा दुसऱ्या, हेंही कारण होतें. आणि १९८४ ची आंच लोक विसरले नव्हते. तरीही समित्यांचें श्रेय थोडें नाहीं. गल्लींतल्या किती माणसांना पलीकडच्या गल्लींतलीं किती माणसें नांवानें ठाऊक आहेत, हा आंकडा काढणें अवघड आहे असें नाहीं. अठ्ठ्याहत्तर निकषांच्या पंक्तींत त्याला पाट मिळालेला नाहीं, एवढेंच.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, मग विटा-चुन्याचें माप सोडून द्यावें आणि माणुसकीच मोजावी. तसें मुळींच नाहीं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, सारे निजलेले असतांना, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी नांवाची तीन मजली इमारत कोसळली. जवळजवळ चाळीस माणसें गेलीं, त्यांत पुष्कळ लहान मुलें होतीं. साऱ्या देशावर साथीची टाळेबंदी ओसरत होती, माग नुकते चालू होत होते. इमारत १९८४ सालची, म्हणजे छत्तीस वर्षांची. तीस वर्षें झालेल्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून घेतली पाहिजे, असा महानगरपालिकांच्या कायद्यांत नियम आहे. माप होतें, आणि तें सोपेंही होतें: बांधल्याचें साल आजच्या सालांतून वजा करावयाचें.

त्या दुर्घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयानें इमारती कोसळण्याच्या प्रश्नाची स्वतः होऊन दखल घेतली. अंमलदारांना जाब विचारला गेला. तें योग्यच झालें. परंतु असल्या इमारतींतून माणसें राहतात तरी कां, हा प्रश्न उरतोच. तुळईला तडा गेला आहे, पावसाळ्यांत भिंत फुगते, जिना हलतो, हें भाडेकरूला अभियंत्याच्या आधीं कळतें. रात्रीं छताची माती अंथरुणावर पडते ती त्याच्याच. तरी तो बोलत नाहीं. कारण तपासणी होऊन इमारत धोकादायक ठरली तर ती रिकामी करावी लागेल, आणि रिकामी करून जावयाचें कोठें, याचें उत्तर नोटिशींत छापलेलें नसतें. पागडी दिलेली, मुलांची शाळा जवळ, माग हांकेच्या अंतरावर, बिशीवाली उधारीवर जेवू घालणारी. नागपाड्याचा भाडेकरू १८९८ नंतर ज्या पेचांत सांपडला होता, त्याच पेचांत हा आज आहे, आणि त्याच्यासारखाच हाही दार लावून घेतो.

खोपडे यांच्या समितींत गटाराची तक्रार घेऊन येणारा मनुष्य भिंतीच्या तड्याची तक्रार घेऊन कां आला नसता? आला असता, असें मला वाटतें. कारण गटाराविषयीं बोलल्यानें त्याचें घर जात नव्हतें. तड्याविषयीं बोललें तरी घर जाणार नाहीं, दुरुस्ती होईपर्यंत त्याच पेठेंत डोक्यावर छप्पर मिळेल, असें त्याला कळलें तर भिवंडींतील प्रत्येक इमारतीचें माप घेण्यास अभियंत्यांची फौज नको. चार रस्ते ओलांडून लोक आपण होऊन सांगावयास येतील. सध्यां दर वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. भिंतींवर नोटिसा चिकटवल्या जातात, कांहीं ठिकाणीं नळ आणि वीज तोडली जाते. पहिला पाऊस पडतो. मजल्यावर कपडे वाळत घातलेले असतात, आणि रात्रपाळीहून आलेला कामगार त्या नोटिशीखालून वांकून आंत निजावयास जातो.